पट्टा आणि पायरी

पांढऱ्यावर काळें झालें कीं गोष्ट खरी ठरली, अशी आम्हां पांढरपेशांची पिढीजात श्रद्धा आहे. ज्या घरांत सोनें बेताचें असतें त्या घरांत प्रमाणपत्रें जपून ठेविलेलीं असतात. आणि आमचें घर या नियमास अपवाद नाहीं. आमच्या नांदेडच्या दिवाणखान्याची उत्तरेकडील भिंत हीच आमची तिजोरी होय. तिच्यावर आमच्या वडिलांची निजामी अमलांतील सनद, आमचें जुन्या अकरावीचें मॅट्रिकचें प्रमाणपत्र, दोघां चिरंजीवांच्या पदव्या आणि थोरल्या सूनबाईंची संगीत विशारद ही पदवी, अशा चौकटी एकाखालीं एक टांगलेल्या आहेत. गेल्या चैत्रांत त्यांत एका नव्या चौकटीची भर पडली. आमच्या अकरा वर्षांच्या धाकट्या नातवास तायक्वांदो या कोरियन विद्येंत 'ब्लॅक बेल्ट' मिळाला, आणि त्याचें सोनेरी किनारीचें, गरुडाच्या चित्राचें, चार रंगांत छापलेलें प्रमाणपत्र आमच्या मॅट्रिकच्या शेजारीं जाऊन बसलें.

त्या चौकटीनें आमच्या घरांत पुढें जें कांहीं घडविलें, तें आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे. विषय मुलांच्या खेळाचा आहे खरा. परंतु त्यांत जो प्रश्न दडलेला आहे तो पाटीपेन्सिलीइतकाच आमच्या ओळखीचा आहे. परीक्षा घेणारानें परीक्षाच घेतली नाहीं, तर उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या पदरांत काय पडतें, हा तो प्रश्न होय.

पट्टा मिळाला त्या दिवशींचा समारंभ मोठा थाटाचा होता. मंगल कार्यालय घेतलेलें, ध्वनिवर्धक लावलेला, पाहुण्यांस फेटे बांधलेले. चाळीस मुलें परीक्षेस बसलीं होतीं आणि चाळीसही उत्तीर्ण झालीं. पस्तीस वर्षें शाळेंत घालविलेल्या आमच्यासारख्या मास्तराच्या मनांत शंभर टक्के निकाल ऐकून शंकेची पाल चुकचुकावयास हवी होती. पण नातवाच्या कमरेचा काळा पट्टा पाहून ती पाल मुकाट बसली. परीक्षेचें शुल्क, पोशाख, पट्टा व प्रमाणपत्र मिळून साडेसात हजार रुपये धाकट्या सूनबाईंनीं आपल्या भिशींतून भरले होते. त्या दिवशीं त्यांनीं घरांत पुरण घातलें. आम्हीं नातवास जवळ बसवून 'विजयी भव' म्हटलें, तें अगदीं मनापासून.

वैशाखांत आमची लातूरची नात, म्हणजे कन्येची कन्या, सुटीकरितां आजोळीं आली. वय वर्षें सोळा. सहा वर्षें ती हीच विद्या शिकत आहे, आणि तिच्या कमरेस त्या वेळीं अद्याप तांबडाच पट्टा होता. आमच्या धाकट्यानें तिला दारांतच विचारलें, "ताई, तुझा अजून लालच?" ती हसली. भिंतीवरची चौकट तिनें दोनदां वाचली आणि कांहीं बोलली नाहीं. मुलगी बोलत नाहीं तेव्हां ती विचार करीत असते, हें आजोबांस कळतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं गच्चीवर दोघांचा सराव चालला होता. या विद्येंत 'पूमसे' नांवाच्या ठराविक हालचालींच्या मालिका असतात. समोर शत्रु आहे असें कल्पून अडविणें, मारणें, वळणें हें सर्व आंखलेल्या रेषांवर करावयाचें असतें. काळ्या पट्ट्याच्या आधींच्या अशा आठ मालिका असून त्यांस 'तेगुक' म्हणतात. चीनच्या प्राचीन 'यी चिंग' ग्रंथांतील आठ चिन्हांवरून त्यांस अर्थ दिलेले आहेत: आकाश, सरोवर, अग्नि, मेघगर्जना, वायु, जल, पर्वत आणि पृथ्वी. पंचमहाभूतांचा पाठ लहानपणीं घेतलेल्या आम्हांस ही यादी ऐकून परकें कांहींच वाटलें नाहीं. ताईनें धाकट्यास आठवी मालिका करावयास सांगितलें. त्यानें पहिली केली, दुसरी केली, चवथीपर्यंत आला आणि थांबला. "एवढ्याच शिकवल्या आम्हांला," तो म्हणाला. आमचा नातू आकाशापासून निघून मेघगर्जनेपर्यंत आला होता. पृथ्वीला त्याचे पाय अजून लागावयाचे होते, आणि कमरेस पट्टा मात्र काळा होता.

दुपारीं आमची नात आमच्या खुर्चीशीं येऊन बसली. "आजोबा, एक सांगूं का? रागावूं नका. त्या कागदावर 'फर्स्ट डॅन' लिहिलें आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलाला डॅन देत नाहींत. त्याला 'पूम' म्हणतात. आणि खालचा क्रमांक कोरियाचा नाहीं, क्लासच्या पावतीपुस्तकाचा दिसतो." आम्ही रागावलों नाहीं. पण चष्मा काढून पुसला, व पुन्हां डोळ्यांवर लावावयास थोडा वेळ लागला.

मास्तराची खोड अशी कीं, शंका आली म्हणजे तो आधीं मुळाकडे धांवतो. मुलें ज्यास 'डॅन' म्हणतात तो शब्द मूळच्या उच्चारांत आमच्या 'दाना'च्या जवळ जातो. त्याचा अर्थ मात्र देणगी असा नसून 'पायरी' असा आहे. जपानांत 'गो' नांवाचा काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा बैठा खेळ आहे; त्यांतील खेळाडूंच्या योग्यतेच्या पायऱ्या सतराव्या शतकांत होनिन्बो दोसाकु या आचार्यानें व्यवस्थित लावून दिल्या. ती कल्पना शरीराच्या विद्येंत आणिली जिगोरो कानो यांनीं. त्यांनीं १८८२ सालीं टोकियोंत 'कोदोकान' ही ज्यूदोची शाळा काढिली व पुढच्याच वर्षीं आपल्या दोघां शिष्यांस पहिली पायरी दिली. काळा पट्टा हा त्या पायरीची खूण म्हणून मागाहून आला. हे कानो पेशानें शिक्षक होते, हें आम्हांस विशेष वाटलें. शिक्षक घडविणाऱ्या टोकियोच्या उच्च विद्यालयाचे ते अनेक वर्षें मुख्याध्यापक होते, आणि १९०९ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सभासद झाले. मधल्या रंगीत पट्ट्यांची चाल विसाव्या शतकाच्या चवथ्या दशकांत पॅरिसमध्यें ज्यूदो शिकविणाऱ्या कावाइशी या जपानी गुरूनें रूढ केली. पांढरा पट्टा न धुतां वापरतां वापरतां मळून काळा होई, अशी एक गोष्ट क्लासमध्यें मुलांस सांगतात. गोष्ट गोड आहे, परंतु खरी नाहीं. आणि ज्या घरांत सोंवळें रोज पिळून वाळत पडतें तेथें ती पटूंही नये.

तायक्वांदो हें नांव कोरियांत १९५५ सालीं पुढें आलें. जनरल चोई होंग ही यांनीं १९६६ मध्यें एक आंतरराष्ट्रीय संघ काढिला. १९७२ मध्यें सेऊल येथें 'कुक्कीवॉन' हें या विद्येचें मुख्य पीठ उभें राहिलें, व १९७३ मध्यें दुसरा जागतिक संघ स्थापन झाला, ज्यास २०१७ पासून 'वर्ल्ड तायक्वांदो' म्हणतात. सेऊलच्या १९८८ च्या ऑलिंपिकमध्यें हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून दाखविला गेला आणि सिडनीच्या २००० च्या ऑलिंपिकपासून त्यास पदकें मिळूं लागलीं. ऑलिंपिकच्या वाटेनें जाणारे बहुतेक लोक कुक्कीवॉनची पायरी मानतात. चोई यांच्या परंपरेचे लोक आपली निराळी पायरी देतात. म्हणून कुक्कीवॉनचा शिक्का नाहीं तें प्रमाणपत्र तेवढ्यावरूनच खोटें, असा निर्णय देणें अन्यायाचें होईल. एखाद्या गुरूनें 'माझ्या शाळेपुरता माझ्या शिष्यास हा पट्टा दिला' असें लिहून दिलें, तर तोही कागद खराच. खोटेपणा येतो तो, गल्लींतल्या कागदावर जगाचें नांव छापलें जातें तेव्हां.

कुक्कीवॉनचा क्रम समजून घेतला तर या विद्येबद्दल आदरच वाटतो. काळ्या पट्ट्याच्या आधींच्या इयत्तांस 'गुप' म्हणतात. त्या दहापासून एकपर्यंत उलट्या मोजतात व त्या देण्याचा अधिकार त्या त्या गुरूचा असतो. त्यापुढें पहिल्या डॅनपासून नवव्यापर्यंत चढावयाचें. दहावा केवळ सन्मानाचा. पंधरा वर्षांखालील मुलांस डॅनऐवजीं 'पूम' देतात, व वय भरल्यावर त्याचें डॅनमध्यें रूपांतर करून घेतां येतें. पहिल्या पायरीनंतर दुसरीस निदान १ वर्ष, दुसरीनंतर तिसरीस २, तिसरीनंतर चवथीस ३, असें अंतर वाढत जातें. आठवीनंतर नववीस ९ वर्षें थांबावें लागतें. पहिलीपासून नववीपर्यंत सर्व अंतरें मिळविलीं तर ३८ वर्षें होतात. शिफारस करणारा गुरु निदान चवथ्या पायरीचा लागतो. दिलेल्या प्रत्येक पायरीस क्रमांक असतो, तो सेऊलच्या नोंदवहींत चढतो, आणि आतां तर नांव, जन्मतारीख व क्रमांक घालून कोणाही पालकास तो घरबसल्या संगणकावर पडताळून पाहतां येतो. आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं रात्रीं तो पडताळा घेतला. नोंद सांपडली नाहीं; सांपडावी असा तो क्रमांकच नव्हता.

आषाढांत आमच्या नातीची परीक्षा होती. ती पाहावयास आम्ही मुद्दाम एस्. टी. नें लोहा, अहमदपूर या वाटेनें लातुरास गेलों. गंजगोलाईपासून जरा दूर एका शाळेचें साधें सभागृह, खालीं निळ्या रबरी चटया, एका टेबलाशीं बाहेरगांवचे दोन परीक्षक. फेटे नव्हते, ध्वनिवर्धक नव्हता. "चार्योत!" असा शब्द झाला कीं मुलें ताठ उभीं राहत, "शिजाक!" म्हटलें कीं सुरुवात. प्रथम मूळ हालचाली, मग परीक्षक ऐन वेळीं सांगतील ती मालिका, मग दोघांदोघांची लढत, आणि शेवटीं लाथेनें लांकडाची फळी फोडणें. बारा मुलें बसलीं होतीं. सात उत्तीर्ण झालीं. जीं पांच राहिलीं त्यांतील प्रत्येकास गुरूनें बाजूला घेऊन कोठें चुकलें तें पायाला हात लावून दाखविलें. आमची नातही गेल्या वर्षीं अशीच राहिली होती. वळतांना तिचा मागचा पाय ठरत नसे. तेवढ्या एका पायासाठीं तिनें वर्ष घालविलें होतें, आणि घरीं आम्हां कोणास त्याची कुरकुर ऐकूं आली नव्हती. या वेळीं तिनें आठवी मालिका केली तेव्हां शेवटच्या पावलाला चटईचा आवाजसुद्धां झाला नाहीं. ती उत्तीर्ण झाली. "कोरियाहून कागद येईपर्यंत जुनाच पट्टा बांधायचा," असें गुरूंनीं बजाविलें, व तिनें मान डोलाविली.

त्या गुरूंशीं आमचें थोडें बोलणें झालें. वय तिशीचें, अंगांत साधा सदरा. आम्हीं विचारलें, "तुम्ही नापास करतां, मग मुलें क्लास सोडून जात नाहींत?"

"जातात कीं, गुरुजी," ते म्हणाले. "गेल्या वर्षीं दहा गेलीं. दुसरीकडे वर्षाच्या आंत काळा पट्टा मिळतो, त्याला पालक तरी काय करणार? हॉलचें भाडें मला दर महिन्याला भरावें लागतें, तें कांहीं चुकत नाहीं. पण एक बघा. उद्यां ही पोरगी रात्रीं शिकवणीहून एकटी येत असेल आणि कुणी तिचा हात धरला, तर काय त्याला प्रमाणपत्र दाखवायचें?"

या प्रश्नास आम्हांजवळ उत्तर नव्हतें. परतीच्या एस्. टी. मध्यें तोच प्रश्न आमच्या शेजारीं बसून आला.

शिष्याची खरी परीक्षा कोणती, याचा विचार आमच्या पूर्वजांनीं केलेला नाहीं असें नाहीं. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'च्या पहिल्या अंकांत गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा वाद पडतो. परिव्राजिका कौशिकी हिला मध्यस्थ नेमतात. ती आचार्यांच्या ख्यातीची चौकशी करीत बसत नाहीं. आपापल्या शिष्येस पुढें आणा म्हणून सांगते, आणि वर अशी अट घालते कीं, पात्रांनीं भारी वेषभूषा करूं नये, म्हणजे अंगांचें सौष्ठव उघड दिसेल. तीस वर्षें हा अंक आम्हीं मुलांस शिकविला. फेट्यांच्या व सोनेरी किनारीच्या त्या समारंभांत बसलों असतांना तो आम्हांस आठवूं नये, हें आमच्या विद्वत्तेचें मोल समजावें.

परीक्षा सुटली म्हणजे मान कसा उतरतो, याचें उदाहरण आमच्याच इतिहासांत आहे. तळेगांवच्या दाभाड्यांनीं सुरू केलेली श्रावणांतील दक्षिणा पुढें पेशव्यांकडे आली. विद्वानांची परीक्षा घ्यावी व योग्यतेप्रमाणें द्रव्य द्यावें, हा तिचा उत्तम भाग होता. परंतु पुढें पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत हजारों ब्राह्मण जमवावे व बाहेर पडतांना प्रत्येकाच्या हातावर पैसे ठेवावे, हा प्रकार वाढत गेला. जो खरा व्युत्पन्न होता त्याच्या आणि जो नुसता रांगेंत उभा होता त्याच्या हातीं पडणारें नाणें एकच. मग व्युत्पन्नाचें मोल कोणी कशावरून ओळखावें? पेशवाईनंतर १८२१ सालीं त्याच निधीच्या आधारें पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली, व तेथें विद्येस पुन्हां पाठ आणि परीक्षा यांची चौकट मिळाली, हें त्या कथेचें भाग्य होय.

मराठवाड्याच्या मातींतील विद्यांना तर कागदाची गरज कधीं पडलीच नाहीं. आमच्या नांदेडास होला मोहल्ल्याच्या मिरवणुकींत शीख तरुण गतका खेळतात. ज्यास फिरवितां येतो तोच पुढें होतो, इतरांस गर्दीच मागें सारते. लातूर जिल्ह्यांतील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ सालीं महाराष्ट्र केसरी झाले, ते हौद्यांत पाठीला माती न लावतां. तांबड्या मातींत पाठ टेकली कीं निकाल लागला. त्यावर कोणाची सही लागत नाहीं.

आतां एक कबुली देणें प्राप्त आहे, नाहींतर हा सर्व उपदेश परोपदेशे पांडित्य ठरेल. आम्ही ज्या शाळेंत होतों तेथें कित्येक वर्षें व्यायामशिक्षक नव्हता. प्रगतिपुस्तकांत मात्र शारीरिक शिक्षणाचा रकाना होता, आणि तो भरण्याचें काम संस्कृतच्या मास्तराकडे, म्हणजे आमच्याकडे आलें होतें. आम्ही वर्गांत बसून, एकाही मुलास धांवतांना न पाहतां, सर्वांस 'अ' देत गेलों. कोणाचें नुकसान होतें, असें आम्हांस वाटे. एका वर्षीं एक मुलगा तालुक्याच्या धांवण्याच्या शर्यतींत मध्येंच छाती धरून खालीं बसला. देवाच्या दयेनें तो वांचला. त्याच्या छातींतील दोष जन्मापासूनचा निघाला. त्याचे वडील शाळेंत आले. भांडले नाहींत. प्रगतिपुस्तक आमच्यापुढें ठेवून एवढेंच म्हणाले, "गुरुजी, तुम्हीं पाचवीपासून 'अ' दिलेला आहे. म्हणून आम्हांला वाटलें कीं पोरगा ठणठणीत आहे." आम्हीं त्या अक्षराकडे पाहत राहिलों. तें आमच्याच वळणदार हस्ताक्षरांतलें होतें. मंगल कार्यालयांतील त्या गुरूंस आम्हीं या लेखांत नांवानिशीं दोष देत नाहीं, याचें एक कारण हें आहे.

या कागदांचा व्यवहाराशीं संबंध जडल्यापासून मोह अधिकच वाढला आहे. महाराष्ट्रांत शासकीय सेवेंत खेळाडूंसाठीं ५ टक्के जागा राखीव असतात, व दहावी-बारावीस खेळाडू विद्यार्थ्यांना सवलतीचे गुण मिळतात. 'लातूर पॅटर्न'च्या प्रदेशांत एकेका गुणाचें मोल काय आहे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणूनच स्पष्ट सांगतों कीं, हे लाभ मान्यताप्राप्त स्पर्धांतील सहभाग व यश यांवर अवलंबून असतात. पट्ट्याच्या रंगावर नव्हे. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांचीं खोटीं प्रमाणपत्रें दाखवून नोकऱ्या मिळविल्याचें प्रकरण आपल्या राज्यांत कांहीं वर्षांपूर्वीं उघडकीस आलेंच आहे. अशा प्रत्येक कागदानें एखाद्या खऱ्या धांवणाऱ्या पोराची जागा गिळलेली असते.

यास्तव मुलास अशा वर्गांत घालणाऱ्या मातापित्यांनीं चार गोष्टी विचारल्यावांचून राहूं नये. शिकविणाराची स्वतःची पायरी कोणती व ती कोणत्या नोंदवहींत आहे? गेल्या परीक्षेंत किती मुलें राहिलीं? लहान मुलास मिळणार तें पूम कीं डॅन, आणि त्याचा क्रमांक कोठून येणार? शुल्कांतील किती पैसे परीक्षेचे व किती समारंभाचे? जो गुरु या प्रश्नांनीं रागावत नाहीं, त्याच्या हातीं मूल द्यावें. आणि पांचवी गोष्ट गुरूला विचारावयाची नाहीं. ती घरच्या गच्चीवर मुलाला करून दाखवावयास सांगावी.

राहिला आमचा नातू. त्यास सांगावें कीं न सांगावें, यावर घरांत दोन दिवस वाद झाला. थोरले चिरंजीव म्हणाले, "असूं द्या, बाबा, पोराचा हिरमोड कशाला?" धाकट्या सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलें, तें पैशांसाठीं नव्हतें. अखेर आमच्या सौभाग्यवती बोलल्या. त्या म्हणाल्या, "आपण नाहीं सांगितलें तर बाहेरचें कोणी सांगेल, आणि तें हसून सांगेल." त्यावर वाद मिटला.

संध्याकाळीं शुभंकरोति झाल्यावर आम्हीं त्यास सर्व सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें आणि विचारलें, "म्हणजे मी खोटा का, आजोबा?" आम्हीं म्हटलें, "नाहीं, बाळ. तुझ्या चार मालिका खऱ्या आहेत. कागद मोठा झाला आहे, तेवढाच." तो उठून गेला. आठ दिवस त्यानें पोशाखाला हात लावला नाहीं. नवव्या दिवशीं त्यानें आईच्या फोनवरून लातूरला ताईला बोलाविलें आणि पांचवी मालिका दाखव म्हणाला. श्रावणांत त्यास नांदेडांतच दुसऱ्या एका गुरूकडे नेलें. त्यांनीं त्याचें काम पाहिलें व हिरवा पट्टा बांध म्हणून सांगितलें. पहिल्या दिवशीं वर्गांतलीं जुनीं ओळखीचीं मुलें हसलीं. घरीं येऊन त्यानें तें आम्हांस सांगितलें, आणि लागलीच, "पण सरांनीं माझा पाय धरून नीट ठेवला," असेंही सांगितलें.

चौकट त्यानें स्वतः स्टुलावर चढून काढिली. कपाटांत ठेवावयास आईजवळ दिली. आम्ही खिळा उपटावयास गेलों, तों तो म्हणाला, "खिळा राहूं द्या, आजोबा. पृथ्वीपर्यंत यायला अजून दोन वर्षें तरी लागतील, ताई म्हणते."

असो. काळा पट्टा ही या विद्येची समाप्ति नव्हे. पहिल्या डॅनचा अर्थच मुळीं पहिली पायरी असा आहे. तीवर पाऊल ठेवण्यापूर्वीं मुलाचे पाय जमिनीला लागलेले असावे, एवढी काळजी आपण वडीलधाऱ्यांनीं घेतली म्हणजे पुढच्या पायऱ्या तें आपलें आपण चढेल.